वाहन घोडा, पाऊस डोंगरावर

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या चौकटींवर घरातल्या सगळ्यांचा वहिवाटीचा हक्क आहे. डाव्या कोपऱ्यात दुधाचा हिशेब, खाली गॅसची टाकी लावली त्या दिवसाची फुली, मधल्या जागेत कुणाचं बारसं, कुणाची तेरावी. २०२५ च्या ऑक्टोबरात उजवा कोपरा मोकळा दिसला म्हणून मी तिथं पेन्सिलीनं माझं एक खातं उघडलं. २५ तारखेला ‘मुं. ३८, पा. ३३’. २७ तारखेला ‘पु. ३४, दि. ३०’. ३१ तारखेला नुसतंच ‘पु.’ आणि त्याभोवती गोल. महिनाअखेरीला दूधवाला हिशेबाला आला, चष्मा वर करून त्यानं चौकटींवरून बोट फिरवलं आणि सत्तावीस तारखेवर थांबला.

“सर, चौतीस लिटर? कार्यक्रम होता का काय?”

बायको आतून म्हणाली, “कार्यक्रमच होता. रोज रात्री आठला.”

प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची बाद फेरी २५ ऑक्टोबरपासून होती आणि ते माझं भाकितांचं खातं होतं. दुधाचा हिशेब बरोबर निघाला. माझा निघाला नाही. पण ते पुढं येईलच.

या नादाचं मूळ माझ्यात नाही, बार्शी नाक्याजवळच्या एका चहाच्या टपरीत आहे. तिथं संध्याकाळी आबा येतात. आबा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. परंडा तालुक्यात सीनेच्या काठाला त्यांची चार एकर जमीन आहे, आणि मुलगा धाराशिवात नोकरीला म्हणून आबांचा एक पाय इथं, एक तिकडं. तीस-बत्तीस वर्षं गाडी चालवताना माणसांनी त्यांना एकच प्रश्न विचारला : कधी पोचंल? आबांनी एकच उत्तर दिलं : “पोचंल की.” स्टँडवर उभ्या माणसानं विचारलं, मागची गाडी कधी येईल, तर “येईल की.” वेळ म्हणून कधी सांगितली नाही. वेळ सांगितली की टायर बसतो, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं. सगळ्या नोकरीत दाबून धरलेली ती सगळी भाकितं आता निवृत्तीनंतर बाहेर पडत असावीत. नाहीतर एवढा सावध माणूस हातात कटिंग घेऊन “पाटणा मुंबईला घरी पाठवतंय, लिहून घ्या सर,” असं भर टपरीत म्हणाला नसता.

आता धाराशिवकराला कबड्डीच्या लीगमध्ये बाजू कुणाची, हा प्रश्नच आहे. बारा संघांत मराठवाड्याचा एकही नाही. उरतात पुणेरी पलटण आणि यू मुंबा. म्हणजे पोरं जिथं नोकरीला जातात ती दोन गावं. पोरगं हिंजवडीला तर बाप पुण्याच्या बाजूनं, पोरगं कळंबोलीला तर बाप मुंबईच्या. टपरीवर दोन्ही पक्ष आहेत आणि दोन्हींचं दुःख बऱ्यापैकी सारखं आहे. मुंबई पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत गेली, त्यातला २०१५ चा एकच करंडक घेऊन आली; तेव्हापासून त्यांचे लोक अनुप कुमारचं नाव काढून उसासा टाकतात. पुण्याला तर करंडक बघायला दहावा हंगाम उजाडला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवलं, त्या रात्री आबांनी टपरीवरच्या सगळ्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला. ही घटना लीगच्या इतिहासात नोंदलेली नाही, टपरीच्या वहीत आहे.

बाद फेरीचं गणित मला कागदावर मांडल्याशिवाय कळलं नाही. बारातले आठ पुढं. पाचवा आठव्याशी, सहावा सातव्याशी; जो हरला तो घरी. तिसरा-चौथा आपसात खेळणार, पण त्यांच्यातल्या हरलेल्याला आणखी एक संधी. पहिला-दुसरा आपसात, त्यांच्यातल्याही हरलेल्याला आणखी एक. मी हे आबांना दोन वेळा समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे वारसनोंदीवानी हाय. थोरल्याला फेरफार दोनदा, धाकट्यानं एकदा सही चुकवली की संपला.” एवढी नेमकी व्याख्या मी कुठल्याच समालोचकाच्या तोंडून ऐकलेली नाही.

आबांची भाकिताची पद्धत मात्र खास आमच्या भागातली आहे. सोलापूरचं दाते पंचांग त्यांच्या घरात वर्षानुवर्षं. त्यात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं, हे ठाऊक असेलच. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं की शेतकऱ्याचा चेहरा उजळतो. कोल्हा, मेंढा निघाला की बियाण्याची पिशवी परत कोपऱ्यात. मोर, गाढव, उंदीर म्हणजे मध्यम, आला तर आला. आणि घोडा असेल तर पाऊस पर्वतक्षेत्री, म्हणजे तिकडं डोंगरावर. आबांनी हीच वाहनं कबड्डीच्या संघांना वाटून टाकली.

“मुंबईचं वाहन मोर,” त्यांनी जाहीर केलं. “पिसारा झकास. पाणी बेताचं.”

“आणि दिल्ली?”

“हत्ती. हळू येतंय, पर बसलं की उठत न्हाई.”

तेलुगू टायटन्सना म्हैस मिळाली, कारण त्यांना पाण्यातून पुन्हा बाहेर यायलाच नऊ वर्षं लागली. पाटण्याला बेडूक. पाटणा सातव्या नंबरावरून कसाबसा आठांत आला होता आणि आबांच्या मते बेडकाचं असंच असतं, तो दिसत नाही, एकदम ओरडायलाच लागतो. पुण्याचं वाहन सांगताना मात्र आबा जरा थांबले, कारण पुणे त्यांचा स्वतःचा संघ.

“घोडा,” ते शेवटी म्हणाले. “पाऊस लई. पर डोंगरावर. आपल्या वावरात न्हाई.”

साखळीत पुणे पहिल्या नंबरावर होतं, हे इथं सांगायला हवं. गुणांचा पाऊस पडलाच होता. करंडकाचं वावर कोरडं राहणार, असा त्यातला अर्थ. पुण्याच्या बाजूच्या कुणालाच हे आवडलं नाही, आबांनाही नाही.

माझी पद्धत शास्त्रीय होती. मी चढाईचे गुण, पकडीचे गुण, किती वेळा लोण दिला, किती वेळा स्वतःवर चढला, डावा कोपरा कोण, उजवा कोपरा कोण असं सगळं एका शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकात उतरवलं होतं. त्यावरून २५ तारखेला मुंबई जिंकत होती. प्रत्यक्षात पाटण्यानं मुंबईला घरी पाठवलं. बेडूक ओरडला. दुसऱ्या दिवशी टपरीवर माझ्या हजेरीपुस्तकाकडं सगळे अशा नजरेनं बघत होते की मला नापास मुलाच्या बापासारखं वाटलं. जगात हा नाद बहुतेक ठिकाणी फुटबॉलचा असतो. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीतल्या एका मत्स्यालयातल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसनं आठच्या आठ सामन्यांचे विजेते बरोबर सांगितले होते, हे मी धीर गोळा करून सांगितलं. म्हणजे मुद्दा असा की बरोबर येणं हा काही बुद्धीचा पुरावा नव्हे. आबांनी विचार केला. “त्याला आठ पाय हुते ना सर? मग एकेका पायाला एकेक म्याच. आपल्याला दोनच.”

आबांच्या भाकितांचा इतिहास मी जवळून पाहिला आहे, म्हणून सांगतो, ते चुकत नाहीत असं नाही. पण ते कधी खोटे ठरत नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२२ च्या डिसेंबरात पुणे अंतिम फेरीच्या दारात होतं. आम्ही त्या आठवड्यात तुळजापूरला गेलो होतो. देवळाच्या आवारात चिंतामणी आहे, गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर काम होणार, डावीकडं फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर उशीर आहे. मोहिमेवर जाण्याआधी शिवाजी महाराज इथं कौल घेत, असं परंपरेनं सांगतात. आमच्या पुढं एक बाई लेकीच्या लग्नाचं विचारत होती. ती उठल्यावर आबा बसले, डोळे मिटले. हात टेकवल्यावर त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली. दगड उजवीकडं फिरला. आबा उठले ते सरळ प्रसादाच्या दुकानात. १७ डिसेंबरला मुंबईत जयपूरनं पुण्याला ३३-२९ असं हरवलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर टपरीवर गेलो. आबा आधीच येऊन बसले होते, चेहऱ्यावर पराभवाची खूण नाही.

“मी काय इचारलं हुतं सांगू का? फायनलला जाईल का, असं इचारलं हुतं. गेलं का न्हाई?”

गेलं होतं. उपांत्य सामन्यात तमिळ थलाइवाजला ३९-३७ नं हरवून गेलं होतं. देवीचा कौल खरा, आबा खरे, आणि पुणे हरलेलं. प्रश्न नीट विचारला तर उत्तराला चुकायला जागाच राहत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. शाळेत तीस वर्षं प्रश्नपत्रिका काढून हे कळलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तर नियतीच त्यांच्या मदतीला धावली. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरी आमच्या गावात, धाराशिवात होती. आबांनी शिवराज राक्षेचं नाव महिनाभर आधी धरलं होतं. पण त्या वर्षी कुस्तीच्या दोन संघटना, त्यामुळं महाराष्ट्र केसरी दोन. आधी पुण्याजवळ फुलगावला झाली, तिथं सिकंदर शेखनं शिवराजला चीत केलं. टपरीवर आबांची बरीच चेष्टा झाली. ते काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांच्या आत धाराशिवच्या मातीत शिवराजनं हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा उचलली. “मी म्हणलं हुतं का कुठली महाराष्ट्र केसरी?” आबांनी विचारलं. एकाच पंधरवड्यात एकच भाकीत खोटंही ठरलं आणि खरंही, हा चमत्कार पीकपाण्याचं भाकीत सांगणाऱ्या भेंडवळच्या घटमांडणीतसुद्धा झाला नसेल.

तसं पाहिलं तर आपल्याकडं भाकिताचा धंदा नसलेलं घर सापडणं अवघड. शेळी व्यायच्या आधी एक की दोन, यावर आमच्याकडं पैज लागते, आणि उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी प्रसिद्ध असल्यामुळं ‘दोन’ म्हणणारा बहुतेक जिंकतो. याला मी भाकीत म्हणत नाही, जातीचा अभ्यास म्हणतो. आमच्या पैजा पेढ्यांच्या असतात. कुंथलगिरीचे पेढे, पाव किलो. त्याहून जास्त नाही, कारण दोघांचीही साखर तपासलेली आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. आबा खो-खोवर भाकीत करत नाहीत.

हे फार विचित्र आहे, कारण कबड्डी आम्हाला टीव्हीवर दिसते आणि खो-खो आमच्या दारात खेळला जातो. सारिका काळे याच गावची. तिच्या कप्तानीखाली भारतानं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. पहाटे फिरायला गेलं की मैदानावर पोरी पाटीवर बसलेल्या दिसतात, उठून खांबाकडं सूर मारताना दिसतात, कोपरं सोललेली दिसतात. एक मिनीट चाळीस सेकंद पळाली, दोन मिनिटं दहा पळाली, अशी वर्तमानपत्रातली ओळ आमच्याकडं शेअरबाजाराच्या भावासारखी वाचली जाते. असं असताना जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा टपरीवर भाकितांचा पूर यायला हवा होता. महिला संघाची कप्तान प्रियांका इंगळे, शेजारच्या बीडची. संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे. मी हजेरीपुस्तक घेऊन तयारीत. आबांना म्हणालो, किती गुणांनी?

आबा कपाकडं बघत राहिले.

“तसलं काय बोलू ने सर.”

“का? जिंकणार नाहीत असं वाटतं का?”

“आपली पोरं हाईत ती.”

संपलं. १९ जानेवारीला भारतानं नेपाळला ७८-४० असं हरवलं. पुरुषांनीही त्याच दिवशी ५४-३६ नं. सामना चालू असताना आबा टीव्हीकडं नीट बघतही नव्हते. मधेच उठून बाहेर जायचे, गटारीपाशी उभे राहायचे, आरडाओरडा ऐकून परत यायचे. अडतीस गुणांनी जिंकलेल्या सामन्यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

मला ते कळलं सप्टेंबरात. त्या वर्षी उत्तरा नक्षत्रात जे झालं ते आमच्या भागात कुणी विसरणार नाही. एरवी टँकरची वाट पाहणारा जिल्हा. भूम-परंड्याकडं माणसं पाण्यात अडकली, हेलिकॉप्टर आणून बाहेर काढावी लागली. सीना पात्र सोडून शिवारात फिरली. काढायला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं आणि पाणी ओसरल्यावर बघितलं तर कित्येकांची माती पण गेलेली. आबांच्या चार एकरांतली खालची दीड एकर अशी खरवडून गेली की वर नुसते गोटे. त्या नक्षत्राचं वाहन काय होतं, हे आम्ही कुणीच त्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आठ-दहा दिवस ते टपरीवर नव्हते. दसऱ्यानंतर आले. दाढी वाढलेली, चप्पल नवी. सगळे पंचनाम्याचं, मदतीचं, पुढं काय होईल याचं बोलत होते. जो तो मान वळवून आबांकडं बघत होता, कारण ज्या माणसाची दीड एकर गेली त्याचं बोलणं आधी ऐकायचं असतं. आबांनी चहा अर्धा संपवला आणि मला विचारलं, “सर, पलटण कितव्या नंबराला हाय?”

तर तेव्हापासून कालनिर्णयाच्या उजव्या कोपऱ्यात माझं खातं सुरू झालं.

२७ तारखेला पुणे आणि दिल्ली. सामना बरोबरीत सुटला, टायब्रेकर झाला आणि दिल्ली जिंकली. मी पुणे लिहिलं होतं. आबांनी घोडा सांगितला होता, म्हणून ते बरोबर, आणि बरोबर आल्याचं त्यांना वाईट वाटलं. मग पुण्यानं तेलुगू टायटन्सना ५०-४५ असं हरवून मागच्या दारानं अंतिम फेरी गाठली आणि इथं आबांची पद्धत कोलमडली. ५० गुण घेतलेला संघ बघितल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. “आदित्य शिंदे खेळतंय बघा कसं,” ते म्हणाले. “घोडा डोंगर उतरलाय सर.”

“पण दिल्लीचा हत्ती?”

“म्हातारा झाला.”

मी त्यांना आठवण करून दिली की दिल्लीकडं फझल अत्राचली आहे. २०१५ ला मुंबईनं करंडक घेतला तेव्हा तो त्या संघात होता, आणि २०२२ ला पुणे हरलं तेव्हा पुण्याचा कप्तानही तोच. शिवाय अजिंक्य पवारही तिकडंच. म्हणजे आपलीच माणसं आपल्याविरुद्ध. आबांनी हात झटकला. “पुणं. तीन गुणांनी. पाव किलो.”

मी माझ्या हजेरीपुस्तकाला विचारलं तर तेही पुणे म्हणत होतं. दोघांचं भाकीत एकच आलं तर पैज कशी लावणार? शेवटी टपरीवाल्यानं दिल्लीची बाजू घेतली. त्याला कबड्डीत काडीचा रस नाही, पेढ्यांत आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. दिल्ली ३१, पुणे २८.

मी कालनिर्णयावरच्या ‘पु.’भोवतीचा गोल खोडरबरनं पुसला. तो नीट निघाला नाही, राखाडी डाग राहिला, म्हणून तिथं गॅसच्या टाकीची फुली मारली. ती टाकी तेवीस तारखेलाच लावली होती. त्यावरून पुढं घरात जो घोळ झाला तो वेगळा विषय आहे. दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो तर आबा पेढ्यांचा पुडा घेऊन बसलेले. टपरीवाला एका हातानं चहा ढवळत दुसऱ्या हातानं खात होता.

“हरलो का आपण?” आबा म्हणाले. “तीन गुणांनी म्हणलं हुतं. फरक मोजा. तीनच हाय. बाजू तेवढी उलटी बसली.”

मी मोजला. तीनच होता. एवढ्या जवळ माझं हजेरीपुस्तक सबंध बाद फेरीत एकदाही आलं नव्हतं. टपरीवाल्यानं पुड्यातला एक पेढा आबांपुढं सरकवला. त्यांनी साखरेचा विचार करून अर्धा खाल्ला, अर्धा मला दिला.

मग ते पिशवी घेऊन उठले. दुपारच्या गाडीनं परंड्याला निघाले होते. वरच्या अडीच एकराला घात आली होती, ज्वारी पेरायची होती. खालच्या तुकड्यात गाळ भरायचा तर ट्रॅक्टरवाला किती मागतो ते बघायचं होतं. बाकड्यावर एक नवखा पोरगा बसला होता, त्याला आबांची कीर्ती कुणीतरी सांगितली असावी. त्यानं भाबडेपणानं विचारलं, “आबा, यंदा ज्वारी कशी येईल हो?”

टपरीवर सगळे गप्प झाले. टपरीवाल्याचा चमचासुद्धा थांबला.

आबांनी पिशवी खाली ठेवली. उरलेला चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्याले.

“येईल की,” ते म्हणाले, आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.